टाचणी कधी काढायची

८ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर एकच राखाडी टिक येते, म्हणजे मला ब्लॉक केलंयस. हे न कळण्याइतकी मी आता लहान राहिले नाही. म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता मामाकडून काढला. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे, पण मामाची शपथ किती टिकते ते तुला माहितीच आहे. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघून हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या जबड्यात गाठ आहे. आधीच सांगते, कॅन्सर नाही. तपासून झालंय. पण ती हाड खाते.

कळलं कसं, तर त्यांच्या तोंडातून टाचण्या पडायला लागल्या. तुला आठवतंय ना, खालच्या ओठात टाचण्यांची रांग धरून ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात ते? एक दिवस कोटाचं फिटिंग चालू असताना सगळ्या टाचण्या खाली. गिऱ्हाईकच ओशाळलं बिचारं. बाबा म्हणाले, "ओठ झोपलाय." आई म्हणाली, "घरात रात्रंदिवस जागा असणारा तेवढा एकच अवयव होता, तोही झोपला?" आधी दाताचं दुखणं म्हणून एक दाढ काढली. ती फुकट गेली. मग एक्स-रे निघाला. दादा, वाळवी लागलेली दाराची चौकट पाहिलीयेस? वरून रंग शाबूत, आतून भुगा. तसा दिसत होता जबडा.

तर तो अर्धा जबडा काढून टाकायचा आणि पायातलं हाड घेऊन नवा करायचा. आता ऐक, कारण हे भारी आहे. नडगीच्या शेजारी, बाहेरच्या अंगाला एक बारीक हाड असतं. फिब्युला. लॅटिन शब्द आहे. अर्थ काय माहितीये? पिन! आपली सेफ्टी पिन असते तसली. रोमन काळी लोक अंगावर नुसतं कापड पांघरायचे आणि खांद्यावर फिब्युला अडकवायचे. मग शरीर फाडून बघणाऱ्यांना पायात दोन हाडं दिसली, एक जाडजूड आणि त्याला दोन्ही टोकांना चिकटलेलं हे सडपातळ, आणि ते म्हणाले, अरे, ही तर पिन! एवढंच नाही. सुतार लाकडं घट्ट धरायला लोखंडी पट्टी ठोकायचे, तीही फिब्युला. जखमेच्या कडा जवळ आणायला वैद्य जे अडकवायचे, तेही फिब्युलाच. थोडक्यात, दोन सुट्या गोष्टींना जे धरून ठेवतं ते. आणि आता पायातली तीच पिन काढून जबडा धरायला लावणार! फिजिओथेरपीला आल्याचं सार्थक झालं असं वाटलं. (आईला हे सांगितलं तर म्हणाली, "बापाचा जबडा जातोय आणि हिचं सार्थक होतंय.")

मी बाबांना दुकानात प्रात्यक्षिक दाखवलं. पुतळ्यावरच्या कोटाला सेफ्टी पिन लावली, काढली. म्हटलं, "बघा, पिन काढली तरी कोट जागच्या जागी. तसंच पायाचं. वजन सगळं जाड हाडावर असतं, हे काढलं तरी माणूस चालतो." त्यांनी पिन माझ्या हातातून घेतली, आपल्या शर्टाच्या खिशाला लावली आणि म्हणाले, "बरं."

ऑपरेशन एकोणीसला. तू ये असं मी म्हणत नाहीये. नुसतं कळवलं.

टाचणी
(कॉलेजात मला खऱ्या नावाने ओळखतात. घरी अजून हेच.)


१३ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं, बाबा "बरं" म्हणाले. ते अर्धंच होतं. उरलेलं लिहायला हात धजत नव्हता.

"बरं" म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं, "टाचणी काढायची कधी?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"शिवण पक्की झाल्यावर. आधी काढलीस की कापड सरकतं. इतकी वर्षं टेलरच्या घरात जेवतेस, एवढं माहिती नाही? माझा उजवा पाय अजून शिवतोय. त्यातली पिन आत्ता नाही निघणार. डावा रिकामा बसून असतो. डाव्यातली घ्या म्हणावं."

म्हणजे मीच दिलेलं उदाहरण माझ्याच गळ्यात. आणि मी काय म्हणाले? "हो बाबा, सांगते डॉक्टरांना."

नाही सांगितलं. कारण डावा घेताच येत नाही. स्कॅनमध्ये दिसलं. पावलाला रक्त नेणाऱ्या तीन वाटा असतात. उजव्या पायात तिन्ही ठणठणीत आहेत. डाव्यात दोन जन्मापासूनच दोऱ्याएवढ्या बारीक, आणि सगळं पाऊल तिसरीवर जगतंय, जी या हाडाला खेटून जाते. हाड काढायचं तर तिच्यासकट काढावं लागतं, तरच ते जबड्यात जिवंत राहतं. डावं काढलं तर जबडा होईल, पाऊल जाईल. (त्या रक्तवाहिनीचं नाव पेरोनियल, तो शब्द ग्रीक, आणि त्याचाही अर्थ पिनच! हे आईला सांगायला गेले तर तिने हात जोडले. "लॅटिन झालं, आता ग्रीक. दूध उतू जातंय ते बघ.")

बाबांना खरं का नाही सांगितलं? मला वाटलं, पाऊल जाऊ शकतं एवढं कानावर पडलं तर ते म्हणतील, नकोच मग कुठलाच पाय. सर्जन बाई घाईत असतात, इंग्लिशमध्ये बोलतात. त्या "राइट लेग" म्हणाल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत फक्त "पाय" म्हटलं.

एक शब्द गाळला, एवढंच. ऑपरेशन झाल्यावर रागावतील, पण जबडा तर होईल. तुला काय वाटतं? तू काही सांगणार नाहीस म्हणूनच बहुतेक तुला विचारतेय.

टाचणी


१९ फेब्रुवारी, हॉस्पिटल

दादा,

ऑपरेशन झालं नाही.

काल संध्याकाळच्या राउंडला सर्जन बाई आल्या, जांभळ्या मार्करने बाबांच्या उजव्या नडगीवर बाण काढला आणि गेल्या. मी तिथेच होते. बाबांनी बाणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वाटलं, आता तोंड उघडतील. पण जबडा दुखतो, फार बोलवत नाही. नुसतं म्हणाले, "माझा चष्म्याचा डबा दे." मला वाटलं, पेपर वाचणार असतील. सुटले म्हणून मी चहा आणायला गेले. काय अक्कल!

आज सकाळी ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दारात. तिथे एक सिस्टर सगळ्यांना तेच तेच विचारते, नाव काय, काय करायचंय, कुठल्या बाजूला.

"काका, कुठला पाय?"

बाबांनी डावा पाय चादरीतून बाहेर काढला. त्यावर बाण होता. निळा. इतका सरळ की पट्टी लावून काढल्यासारखा. उजवा पाय लख्ख पुसलेला, स्पिरिटचा वास येत होता.

सिस्टरने हातातला कागद पाहिला, पाय पाहिला, परत कागद पाहिला. बाणावर बोट फिरवलं. हातमोज्याला निळी भुकटी लागली.

"ही शाई नाही. हे काय आहे?"

"खडू," बाबा म्हणाले. "टेलरचा."

दादा, माणूस ऑपरेशनला जाताना चष्म्याच्या डब्यातून खडू घेऊन जातो! दुसरा कुणी असता तर निदान पेनाने काढला असता. मला हसू यायला लागलं आणि रडूही. तेवढ्यात सर्जन बाई बाहेर आल्या. मास्कच्या वर नुसते डोळे. सिस्टर म्हणाली, "पेशंट डावा म्हणतोय." बाईंनी मला विचारलं, "तू त्यांना सांगितलं नव्हतंस?"

सगळं माझ्याभोवती येऊन थांबलं. ट्रॉली, वॉर्डबॉय, सिस्टर, बाबा. मी म्हटलं, "नाही."

बाईंनी ट्रॉलीशी वाकून, थांबत थांबत, मोडक्यातोडक्या मराठीत बाबांना सगळं सांगितलं. तीन वाटा, दोऱ्याएवढ्या दोन, डावं पाऊल. मला पाच मिनिटांत सांगता आलं असतं ते. मग म्हणाल्या, "तुम्ही मनापासून हो म्हणेपर्यंत मी सुरी लावणार नाही. आज नाही." आणि मला बाजूला घेऊन, "पुढची तारीख नऊ मार्च. त्याच्यापुढे मी थांबू शकत नाही. हाड इतकं पातळ झालंय की एखाद्या जांभईने मोडेल. गाठ सांध्यापर्यंत गेली तर नवा जबडा अडकवायला जागाच उरणार नाही. घरात ते ज्याचं ऐकतात असं कुणी आहे का?"

मी म्हटलं, "बघते."

दादा, आहे का असं कुणी?

टाचणी


२२ फेब्रुवारी

दादा,

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत बोलतात. मी त्याच खोलीत असते, आईसुद्धा, आणि ते म्हणतात, "तिला विचार, दिवा बंद करू का." आई म्हणते, "मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे?"

एकदाच थेट बोलले. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, चुकलं. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली."

म्हणाले, "नाही म्हणालो असतो तर समजवायचं होतंस. मी कापड आहे का, न विचारता कापायला?"

मग मी म्हटलं, "आता तर कळलंय ना? डावा नाही घेता येत. उजवा द्या." तर घोटघोट दूध पीत बसले, दात लागू न देता. जांभई आली की आई धावत जाते आणि दोन्ही हातांनी हनुवटी धरते. बघवत नाही. नऊ तारीख जवळ येतेय आणि घरात सगळे एकमेकांच्या जबड्याकडे बघत बसलोय.

डॉक्टरांनी मशीन कायमची बंद करा असं म्हटलेलं नाही. काही महिने उजव्या पायाने पायडल नको, घोटा थोडा आखडेल, अंगठ्याची ताकद कमी होईल, व्यायामाने बरंच परत येईल. व्यायाम मी घेईन, तेच तर शिकतेय. पण बाबांच्या कानापर्यंत एवढंच पोचतं की पाय थांबणार. आणि आता मी काही सांगितलं तरी ते म्हणतात, "ती डॉक्टरांच्या बाजूची." माझा शब्द गेला, दादा. एक शब्द गाळला आणि बाकीचे सगळे गेले.

काल आई म्हणाली, "पायाचं दुखणं नाहीच ते. मोटरचं आहे."

मी तेव्हा दहावीत होते, तुम्ही दोघं दार लावून भांडलात. मला एवढंच कळलं होतं की तू विचारल्याशिवाय पायमशीनला मोटर बसवलीस, बाबांनी ती उखडली आणि तू गेलास. आईने काल पुढचं सांगितलं. तू पायाने डावखुरा. लहानपणी पायडलवर डावा पाय ठेवलास की बाबा पट्टी मारायचे. "उजवा! या मशीनवर उजवा बसतो." तू उजव्याने शिवायचास आणि तुझी शिवण वाकडी यायची. बाबा तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उसव." म्हणून तू मोटर आणलीस, कारण मोटरच्या बटणाला कुठलाही पाय चालतो. बाबांना वाटलं, पोरगा म्हणतोय, म्हाताऱ्या, तुझा पाय संपला. तू म्हणालास, "तुमच्या पायासाठी नाही, माझ्या पायासाठी आणलीय." ते त्यांनी ऐकलंच नाही, आणि तू दुसऱ्यांदा सांगितलं नाहीस.

मोटर अजून काउंटरखाली आहे, अस्तराच्या कापडात गुंडाळलेली. उजवा पाय दिला तर ती बाहेर काढावी लागेल, ही त्यांची भीती. मग तू खरा ठरतोस. शेंडी तुटो की पारंबी, तसलं झालंय त्यांचं.

मी तुला ये म्हणत नाही. तू त्यांची माफी माग म्हणत नाही, त्यांनी तुझी मागावी असंही नाही. पण त्या मशीनवर डाव्या पायाने बसलेला जगात एकच माणूस आहे. त्याला काही सुचतंय का, एवढंच विचारतेय.

आणि हो, या पत्रात एकही लॅटिन शब्द नाही. बघ, सुधारले.

टाचणी


२६ फेब्रुवारी

टाचणी,

मोठं लिहायला वेळ नाही, शिफ्ट आहे. खालचं बाबांना वाचून दाखव. माझं आहे म्हणून सांगू नकोस.

स्टूल चार बोटं उजवीकडे सरकवायचं, नाहीतर डावा गुडघा लोखंडाला घासतो. डावी टाच आधी, मग पंजा. उजवा पाय मागे घेऊन स्टूलच्या आडव्या दांडीवर ठेवायचा. जमिनीवर ठेवला की तो मदतीला धावतो आणि दोघांचं भांडण होतं. चाकाला सुरुवात हाताने द्यायची, आपल्याकडे ओढून. आधी दोरा ओवायचाच नाही. जुन्या पेपरवर नुसती सुई चालवायची आणि भोकं बघायची. पायाकडे बघायचं नाही. बघितलं की तो लाजतो.

चाक उलटं फिरणार. दोरा तुटणार. माझं वर्षभर उलटं फिरत होतं. बाबा कापड आणायला बाहेर गेले की मी बसायचो, डाव्यानेच. सहावीत असताना शाळेच्या ड्रेसचे जे गठ्ठे जायचे, त्यातल्या चड्ड्यांच्या शिवणी माझ्या डाव्या पायाच्या होत्या. त्या त्यांनी कधी उसवायला लावल्या नाहीत, कारण त्यांना वाटायचं आईने शिवल्यात.

मोटर बाहेर काढू नका.

मी येणार नाही. सुट्टी मिळते. तरी येणार नाही.

दादा


९ मार्च, हॉस्पिटलचा वेटिंग हॉल

दादा,

बाबा आत आहेत. सकाळी नेलं. इथे एक मोठा पडदा आहे, त्यावर पेशंटचे नंबर येतात, एअरपोर्टसारखे. आपला नंबर सकाळपासून पिवळा आहे. पिवळा म्हणजे चालू. आई डोळे मिटून बसलीये, पण झोपलेली नाही, कारण मी पेन खाली ठेवलं की विचारते, "काय झालं?" म्हणून लिहीतच राहते.

तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझं नाव काढलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आपली वाचतेय, स्टूल, टाच, पंजा. "बघितलं की तो लाजतो" वाचलं तसे वळले.

"कोण म्हणतं असं?"

"नेटवर आहे."

"नेटला आपल्या स्टूलची दांडी माहिती आहे होय?"

ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता तोंड फिरवलं. बाबा छताकडे बघत म्हणाले, "पुढे वाच."

चड्ड्यांचं वाचलं. तेव्हा त्यांनी आईकडे पाहिलं. "तू नव्हत्यास शिवल्या?" आई म्हणाली, "मी काज-बटणं करायचे. तुम्ही मला कधी मशीनवर बसू दिलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली दुकानातून कडकड आवाज आला. गेले तर बाबा मशीनवर. स्टूल उजवीकडे सरकवलेलं, उजवा पाय दांडीवर. सुईखाली जुना पेपर. चाक एकदा सुलट फिरे, दोनदा उलट. कपाळावर घाम. मला बघून म्हणाले (मला! थेट!), "हसू नकोस."

"हसत नाहीये."

"पायाकडेही बघू नकोस."

रोज बसायचे. पेपर नुसता चाळणी करून टाकला. सुया मोडल्या. एकदा रागाने डाव्या मांडीवर पट्टी मारली, जोरात, आणि मग त्या पट्टीकडे बघत बसले. ती परत खुंटीला लावली नाही. कुठे टाकली माहिती नाही, मी विचारलं नाही.

परवा दोरा ओवला. काळ्या अस्तरावर एक लांब शिवण घातली. मग तिच्यावरून अंगठ्याचं नख नेलं, तसंच, तुझ्या शिवणीवर न्यायचे तसं. आणि स्वतःलाच म्हणाले, "उसव." स्वतःच उसवली, टाका टाका करून. मला वाटलं, संपलं. पण सगळा दोरा काढून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. उजवा म्हणावं."

आज दारात तीच सिस्टर होती. तिने आधी खडू आहे का म्हणून चष्म्याचा डबा उघडून बघितला. मग विचारलं, "काका, कुठला पाय?"

"उजवा. तुमचीच शाई आहे, घासून बघा."

आत नेता नेता त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, काही मोठं बोलणार. म्हणाले, "ती पिन शर्टाला आहे. शर्ट धुवायला टाकशील तेव्हा काढून ठेव."

तेव्हापासून पिवळा. सर्जन बाई मगाशी बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, हाड जबड्यात बसलं, वाहिन्या जोडल्या, आता रक्त नीट खेळतं का ते बघत बसायचं. सोबत पायाची थोडी कातडी गालाच्या आतल्या बाजूला लावलीये, ती गुलाबी राहिली तर आपण जिंकलो. निळी पडली तर…

सिस्टर आमचा नंबर ओरडतायत. पडदा लाल झालाय. आई उठली. थांब.


२८ एप्रिल

दादा,

ते पत्र तसंच अर्धं पाकिटात घालून पाठवलं, याबद्दल तू मला जन्मभर शिव्या घालशील. घाल. पुरं करायला हात चालत नव्हता आणि फाडवतही नव्हतं.

रक्त परत नेणारी एक शीर आवळली होती. कातडी निळी पडायला लागली होती. परत आत नेलं, उघडलं, ती शीर नव्याने जोडली. आई आणि मी त्या हॉलमध्ये एकमेकींचा हात धरून उभ्या होतो, आणि मला एकही शब्द आठवत नव्हता, ना लॅटिन, ना मराठी. मग सर्जन बाई आल्या, मास्क खाली ओढला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं तोंड दिसलं. हसत होत्या. म्हणाल्या, "गुलाबी."

तुला हे मामाकडून कळलंच असेल. रोज त्याला फोन करून विचारत होतास ना? तेही सांगायचं नाही अशी शपथ घातली होतीस म्हणे.

बाबांना बरेच दिवस बोलता येत नव्हतं. मी वही-पेन दिलं, ते बाजूला सारलं. आईने घरून काळं अस्तर आणि खडू आणला. त्यावर लिहायचे, झटकायचे, परत लिहायचे. पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? "मशीनवर कापड टाकलं का?"

आता बोलतात. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं. आई म्हणते, "त्यात नवं काय?" टाचण्या आता ओठात धरवत नाहीत, म्हणून फिटिंगला आई उभी राहते आणि टाचण्या तिच्या ओठात असतात. त्यामुळे दुकान अतिशय शांत झालंय. गिऱ्हाइकं म्हणतात, काका, प्रगती आहे.

उजव्या पायाचे व्यायाम मी घेते. ते मला "मास्तरीणबाई" म्हणतात आणि अंगठा हलवा म्हटलं की मुद्दाम भुवई हलवतात. काठी सुटली. पायडलवर उजवा अजून नाही. डावा असतो.

मोटर काउंटरखालीच आहे. परवा त्यांनी ती बाहेर काढली, गुंडाळलेलं कापड सोडलं, पुसली आणि परत गुंडाळून ठेवली. का, ते मी विचारलं नाही. हल्ली मी एखादी गोष्ट न विचारता राहू शकते, बघ.

सोबत एक चिंधी आहे. फेकू नकोस. काळं अस्तर, पांढरा दोरा, एकच लांब शिवण. काल घातली. नख फिरवलं. मी वाट बघत होते, आता "उसव" येणार. नाही आलं. चिंधी कात्रीने कापली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "त्याला पाठव. तपासायला."

"सोबत काय लिहू?"

"काही नको. त्याला बघता येतं."

मी पाकिटाला डिंक लावत होते तेव्हा मशीनवरूनच, मान न वळवता म्हणाले, "वाकडी असेल तर म्हणावं, उसवून परत दे."

दादा, मी नीट बघितलीये. मध्ये एका ठिकाणी वाकडी आहे. अगदी किंचित, पण आहे. पोस्टाने पाठवू नकोस, एवढीशी चिंधी हरवते.

टाचणी